हललेली सावली

काल प्रदर्शनात पाहुणे ‘चित्रकाराचा निसर्गाशी संवाद’ यावर बोलत होते. मला मात्र टर्पेंटाइनच्या वासाने सोनाळ्याजवळचा डोंगर आठवला. डोळे अर्धे मिटले की छाया-प्रकाश नीट कळतो, असं मी तिथे बायकोला ऐटीत शिकवत होतो. करवंदीखालची काळी सावली झोकात रंगवलीही होती.

“अहो, थे सावली हालून राह्यली,” ती कुजबुजली.

“वारा असेल.”

“वाऱ्याले नाक असते काय? पुरे डोळे उघडा!”

अस्वल होतं. तिने माझा हात घट्ट धरला. ते हुंगत उभं राहिलं, मग सावकाश नाल्यात उतरलं. मी सुटकेचा श्वास सोडला, तरी तिने हात सोडला नाही. तेव्हा मला ती भित्री वाटली. पण आमची गावाकडे परतायची वाट त्याच नाल्यातून जात होती, आणि ऊन उतरत होतं.