लाइनीच्या मागे

अकोल्याच्या फुटबॉल संघात मी फॉरवर्ड होतो. बडनेऱ्याच्या एका अनवाणी बॅकनं मला अख्खा सामना गोलजवळ फिरकू दिलं नाही. त्याची नजर चेंडूवर नव्हतीच, माझ्या कमरेवर होती. नंतर विचारलं तर म्हणाला, "पाय फसवतेत भाऊ, कंबर नाई फसवत."

जन्मात एक गोल न केलेला हा माणूस महाराष्ट्र राज्य झालं त्या साली बडनेऱ्याच्या संघाचा मॅनेजर झाला. जन्मभर गोल आम्ही फॉरवर्डांनी केले, हारतुरे याला! बदलीनं बडनेऱ्याला आल्यावर रोज संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला उभा राहून जळायचो.

एकदा तो खेळाडूंना सांगत होता, "अकोल्याचा एक फॉरवर्ड होता. त्याले अडवता अडवताच मी खेळ शिकलो."

मी चटकन पुढे झालो. त्यानं सवयीनं माझ्या सुटलेल्या कमरेकडे पाहिलं अन् शिटी फुंकली.

"ओ भाऊ, लाइनीच्या मांगं व्हा."