क्लचखालचं पायपुसणं

"हात उचला आधी."

गाडी दारात थांबली की भाऊंचं पहिलं वाक्य हे. नमस्कार-चमत्कार नंतर. खिडकीतून आत वाकायचे आणि गिअरच्या दांड्यावर विसावलेल्या हाताकडे असे बघायचे, की त्या माणसाने त्यांच्याच मानेवर हात ठेवलाय असं वाटावं. "गिअर काय काठी हाय का टेकून बसायला? आत गिअर सरकवणारे बारीक काटे असत्यात. तुमच्या हाताचं वजन दिवसभर त्यांनी का म्हणून सोसायचं?"

जुन्या हायवेने तुम्ही कधी गेला असाल तर कामशेतला, पवनेकडे वळायच्या जरा अलीकडे, त्यांची पत्र्याची शेड पाहिली असेल. बाहेर पाटी नव्हती. पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक आपल्याला नको, असं त्यांचं म्हणणं. सगळं मावळ त्यांना गिअरवाले भाऊ म्हणायचं. नाव मी सांगत नाही. त्यांच्या नावाचं जे काय झालं, तेवढं पुरे आहे.

मी लोणावळ्यात चार बंगले सांभाळतो. मालक मंडळी शनिवारी येतात, रविवारी जातात. मधले पाच दिवस किल्ल्या, माळी, टाकीचं पाणी आणि फोनवरच्या शिव्या माझ्या वाट्याला. माझ्या कार्डावर मी 'मॅनेजर' छापून घेतलंय. भाऊंनी ते कार्ड हात लांब करून वाचलं आणि तेव्हापासून मला मॅनेजर अशीच हाक मारायला लागले. त्यात मान किती आणि थट्टा किती, ते मला कधी कळलं नाही.

शेड टाकायच्या आधी, तळेगावकडच्या नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात त्यांनी अकरा वर्षं गिअर घासले. "सोताचे दात घासायच्या आधी गिअरचे घासायला उभा राहायचो," असं हसत सांगायचे. अकराच्या अकरा वर्षं कंत्राटी. कायम करायची वेळ आली की कंत्राटदार बदलायचा आणि कागदावर भाऊ पुन्हा कालच लागलेले. त्यांना याची चीड होती की नाही, देव जाणे. मला मात्र अजून येते. ज्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो, त्याच्या नावापुढे अकरा वर्षं 'हेल्पर' लिहिणाऱ्यांना काय म्हणायचं?

त्यांचा राग कामाचा असायचा. लोहगडवाडीचा एक जीपवाला होता, ट्रेकवाल्यांना वर-खाली करणारा. उतारावर त्याचा गिअर आपोआप उडून जीप मोकळी सुटायची. गड्याने काय करावं? सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडा सीटला बांधून टाकला. भाऊंनी ते पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"मागं किती माणसं बसवतो?"

"धा. सुट्टीला बारा."

"आन् बारा जीव एका ट्यूबवर? किल्ली दे हिकडं."

"भाऊ, उद्या गिऱ्हाईक हाय..."

"गिऱ्हाईकाला सांग चालत जावा. किल्ला चालत जायलाच बांधलाय."

दोन दिवस किल्ली त्यांच्या खिशात होती. गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो ते फाटून लोंबत होतं, तेवढंच बदलायचं होतं. जीपवाला दोन दिवस शेडबाहेर बसून धुसफुसत होता आणि भाऊ त्याला दर तासाला चहा पाजत होते.

आता मूळ गोष्ट सांगतो, नाहीतर मी अशीच टाळत बसेन.

माझ्या एका बंगल्याच्या मालकांकडे जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन सीटची, परदेशातून आणलेली, पंचवीस-तीस वर्षांची. साहेबांचा तिच्यावर फार जीव. गेल्या पावसाळ्यात ती घाटात रडायला लागली. पहिला गिअर पडेना, दुसऱ्याला तर खर्रर्र असा आवाज, की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. साहेब तसेच महिनाभर दांडा रेटत राहिले. मग पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, गिअरबॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल. साहेबांचा चेहरा पाहून मीच म्हटलं, एकदा कामशेतला दाखवू या.

भाऊंनी बॉनेट उघडलं नाही. गाडीखाली गेले नाहीत. इंजिन बंद ठेवून साहेबांना सगळे गिअर टाकायला लावले. सगळे पडले. मग इंजिन चालू करून तेच करायला लावलं. खर्रर्र!

"बंद असताना पडत्यात, चालू असताना न्हाई. म्हंजे गिअरबॉक्सला कशाला शिव्या देता? क्लच पुरता सुटत न्हाई. दाबा पाय."

"दाबलाय की."

"अजून."

"अहो, टेकला खाली!"

"कशावर टेकला?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. भाऊ गुडघ्यावर बसले, पेडलखाली हात घातला आणि जाड रबरी पायपुसणं ओढून बाहेर काढलं. गाडीच्या मूळच्या गालिच्यावर कुणीतरी ते टाकलं होतं. त्याच्या जाडीमुळे पेडल शेवटपर्यंत जातच नव्हतं. ते निघालं आणि पहिला गिअर गुमान पडला.

"हे कोणी टाकलं?" साहेबांनी विचारलं.

मी टाकलं होतं. चिखलाचे पाय घेऊन साहेब गाडीत बसतात, गालिचा मलाच घासावा लागतो, म्हणून बंगल्याच्या मागच्या दारातलं जाड रबर मी मापात कापून तिथे घातलं होतं. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कुणी का टाकंना. निघालं न्हवं आता?" एवढंच म्हणून ते उठले. पैसे घेतले नाहीत. "पायपुसणं उचलायचं काय घेऊ?" पण साहेबांना बजावून सांगितलं, "म्हैनाभर रेटारेटी झाली. दुसऱ्या गिअरची आतली रिंग दुखावलीय. ऑईल बदला, दुसरा सावकाश टाका, घाटात मर्दुमकी नको. जपलं तर लय दिवस जाईल."

साहेबांनी जपलं का? दुसऱ्याच शनिवारी पाहुण्यांना घेऊन घाटात गेले. गाडी हसत हसत पिळली. दीड महिन्यात दुसरा गिअर पार गेला.

आणि मग बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. कामशेतच्या त्या मेकॅनिककडे गाडी नेऊ नका, त्याने हात लावल्यापासून माझा गिअरबॉक्स कामातून गेला. त्याखाली होकाराचे अंगठे. मग आणखी अंगठे. ज्यांनी भाऊंचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनीही 'या लोकांचं असंच असतं' म्हणून लिहिलं. कोण हे लोक? ज्याने तुमचा लाखांचा खर्च एका हातात वाचवला, तो माणूस 'हे लोक'? मोठ्या वर्कशॉपने फसवायला काढलं तर तो सल्ला, आणि शेडवाल्याने खरं सांगितलं तर ती लबाडी! एका पायपुसण्यापुढे आपण हरलो, हे साहेबांना पचलं नव्हतं, दुसरं काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? मी त्या ग्रुपमध्येच होतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. खरं लिहायचं तर पायपुसणं माझं, हेही लिहावं लागणार होतं. चार बंगल्यांतले दोन त्याच साहेबांच्या ओळखीने मिळालेले.

दुसऱ्या दिवशी मी कामशेतला जाऊन भाऊंपुढे कबूल केलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "तुमच्या स्कूटरवर तसलाच तुकडा हाय की पायाखाली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमचं काम गेलं असतं, मॅनेजर. माझं काय जाणार व्हतं?"

काय जाणार होतं ते पुढच्या काही महिन्यांत दिसलं. मेसेज एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला. आधी बंगलेवाले थांबले, मग रिसॉर्टच्या गाड्या, मग टॅक्सीवालेही 'काहीतरी असेल त्याशिवाय का बोलतात' म्हणून तळेगावला जायला लागले. दिवाळीनंतर मी गेलो तर शेडच्या जागी मोमोंचा स्टॉल होता.

तिथून मी थेट बंगल्यावर गेलो आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. किल्ल्या टेबलावर ठेवायच्या तयारीने. ते खो खो हसले. "अरे, तू होय तो! तेव्हाच सांगायचंस ना वेड्या." बस, एवढंच. ज्या भीतीपायी मी एका माणसाचं नाव धुळीला मिळू दिलं, तिची किंमत एक हसू! वर म्हणाले, "त्याला बोलाव रे. पुण्यात एवढं काम करून घेतलं तरी दुसरा अजून अडतोच."

भाऊ सापडले नवलाख उंबऱ्याच्या बाजूला, एका कारखान्याच्या गेटवर. निळा शर्ट, शिट्टी, प्लॅस्टिकची खुर्ची. आत गिअर घासायची यंत्रं चालू होती की आणखी कसली, मला माहीत नाही. ते बाहेर बसून ट्रकसाठी आडवा बांबू वर-खाली करत होते. मी निरोप सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ग्रुपवर लिवलं का त्यांनी, चूक झाली म्हणून?"

"नाही."

"आन् तुमी?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात ट्रक आला आणि ते बांबू उचलायला गेले.

रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन मी उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं. पायपुसणं माझं होतं, दोष गाडी रेटणाऱ्याचा होता, कामशेतच्या भाऊंनी कुणाचंही वाकडं केलं नाही. पाठवलं आणि बघत राहिलो. एक अंगठा आला. त्याखाली कुणीतरी विचारलं, तुंगार्लीत चांगला प्लंबर आहे का कुणाच्या ओळखीचा.

मी मान वर केली. पलीकडे भाऊ ट्रकचा नंबर वहीत लिहून घेत होते, प्रत्येक आकडा नीट, ट्रकवाला हॉर्न मारत असतानाही. फोन दाखवायला मी रस्ता ओलांडणार होतो. पण एवढा एक अंगठा घेऊन त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?