मामांची खुर्ची आणि आमची हवा

"कोन जांभई देतंय?" असं विचारत मामा आमच्या हॉलच्या दारात उभे राहायचे. दोघांचं तोंड वासलेलं दिसलं की अर्धी भाकरी डब्यात टाकून माघारी फिरायचे. जांभईचं तर असं, की नाव काढलं तरी येते. त्यापायी त्यांची किती जेवणं अर्धवट राहिली असतील, देव जाणे.

आमचं ऑफिस नगरात, जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं. धूळ नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद. ताजी हवा मागच्या खोलीतल्या यंत्रातून यायची, आणि यंत्र मामांच्या ताब्यात; सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. हॉलमधली गार हवा बाहेर जाताना आपला गारवा आत येणाऱ्या गरम हवेला देऊन जायची. "दोन्ही वारे शेजारून जात्यात, पन भेटत न्हाईत," मामा कौतुकानं सांगायचे.

तुम्ही म्हणाल, यंत्र असताना मामा कशाला? तीच तर गंमत. माणसांच्या श्वासानं हवा कोंदटली की ओळखणारी एक डबी असते. ती सांगेल तसा पंख्याचा वेग वाढतो. ती लावायची होती हॉलमध्ये. कंत्राटदाराची तार कमी पडली, म्हणून त्यानं डबी यंत्राच्या खोलीतच ठोकली, मामांच्या खुर्चीमागे. मामा दार लावून बसले की त्यांच्या श्वासावर आम्हा चाळीस जणांना हवा मिळायची. ते उठले की डबीला वाटायचं, इमारत रिकामी. हॉलच्या दाराशी पंख्याच्या वेगाचा आकडा दिसायचा. तो हळूहळू उतरायचा आणि आमची डोकी जड व्हायची.

हातानं वेग वाढवायला पासवर्ड लागायचा. तो कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार फोन उचलत नसे. तार लांबवायचे अर्ज मीच लिहून दिले होते. मॅनेजर म्हणायचे, "चाललंय ना नीट?" चाललं होतं, कारण मामा बसले होते.

"कोयता सुटावा म्हनून नगरला आलो, ताई," मामा एकदा म्हणाले. "कोयता सुटला. आता खुर्ची सुटंना." ते हसले, म्हणून मीही हसले.

गावी, खर्ड्याला, त्यांची आई एकटी होती. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेलेले. तिनं अंथरूण धरलं तेव्हा मामांनी रजा मागितली. मॅनेजर म्हणाले, "चार दिवसांत तपासणी आहे. ती होऊ द्या, मग जा." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तोवर मी बसते खुर्चीवर," एवढं मला म्हणता आलं असतं. पण त्या कोंदट खोलीची मला धास्ती वाटली, आणि मी संगणकाकडे बघत राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

तपासणीच्या दिवशी दुपारी गावाहून फोन आला. आई गेली होती. मामा होते तसे निघाले. तासाभरात तपासणीचे साहेब फायलीनं वारा घेत बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन आला आणि डबी हॉलमध्ये लागली.

तेरावं उरकून मामा परतले. डोक्यावर नुकते खुंट फुटले होते. त्यांनी हॉलच्या भिंतीवरची डबी बोटानं चाचपली.

"किती येळ लागला?"

"तासभर," मी म्हणाले.

"तासभरच व्हय."

मागच्या खोलीत जाऊन ते खुर्चीवर जरा टेकले. मग कोपऱ्यातली पिशवी उचलली, मला "येतो, ताई" म्हणाले आणि जिना उतरले. ते पुन्हा आले नाहीत.

त्या दिवशी सवयीनं मी दाराशी जाऊन आकडा बघत उभी राहिले. बराच वेळ झाला, तरी तो उतरला नाही.