ऐंशीच्या वेगाने चेण्याला

सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन बदलायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी आपापली मतं दिली आणि काम माझ्याकडे आलं. मी एका गाळ्यात कंट्रोल पॅनेलचं वायरिंग तपासते. त्यामुळे घरात मिक्सर बंद पडला तरी आधी मला हाक मारतात, मग प्लग बघतात.

गाडी जपानी. बाबा आखातातली नोकरी संपवून येताना घेऊन आले होते. तिच्या डॅशबोर्डवर काटे नव्हते, काळ्या काचेत हिरवे आकडे होते. वेगाचा आकडा एवढा मोठा, की मागच्या सीटवरूनही वाचता यावा. पुढच्या सीटवरून तो सासूबाई वाचत, मोठ्याने. मी या घरात आले तेव्हापासून गाडी अशीच चालते. "पन्नास... पंचावन्न... अहो, साठ!" साठ ऐकलं की बाबा पाय उचलतात. आई रस्त्याकडे बघत नाहीत. रस्ता हा बाबांचा विभाग.

जुनं इंजिन बंद पडलं तेव्हा त्याचे पार्ट मिळेनात. गॅरेजवाला म्हणाला, एका साध्या देशी गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून देतो. माझ्या नवऱ्याला मात्र गाडी विकायचीच होती. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि नुकतीच सोसायटीच्या गेटला गाडी घासली होती.

"गेट आधीपासूनच वाकडं आहे," बाबा म्हणाले.

शेवटी नवऱ्याने अट घातली. "इंजिन बसवा. पण पहिल्या फेरीत आई घाबरली, तर गाडी विकायची आणि तुमचं ड्रायव्हिंग बंद."

"आणि नाही घाबरली तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

बाबा हसले. "ती कशाला घाबरतेय? ती मला घाबरवते."

इंजिन बसलं, आरसीवर त्याचा नंबर चढला, पण डॅशबोर्ड काळाच. गॅरेजवाल्याने हात वर केले. "भाभी, ये पुराना मीटर फेंक दो. काँटेवाला लगा देता हूँ, टेन्शन खतम."

मी आईंना विचारलं. "काटा बघून काय ओरडायचं?" त्या म्हणाल्या. "त्याला आकडाच पाहिजे."

मग मी कामं लिहून काढली आणि एकेक संपवायला घेतली. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावली. केबिन रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरींसाठी टर्मिनल आणि स्लीव्ह आणल्या. गाडीचं नाव ऐकून दुकानदाराने आधी चष्मा काढला, मग मला चहा विचारला. नव्या इंजिनाचा तापमानाचा सेन्सर जुन्या काचेला कळेना, म्हणून जुनाच काढून नव्या इंजिनावर चढवला. त्याचे आटे जुळेनात, तेव्हा शेजारच्या गाळ्यातून पितळेचा बुश करून घेतला. रोज सकाळी पार्किंगमध्ये डॅशबोर्डखाली डोकं आणि बाहेर पाय अशी मी असायची. तळमजल्यावरच्या गुजराती काकींना माझं कानातलं हरवलंय असं वाटत होतं. त्या जाता-येता विचारत, "मळ्युं, बेन?" मी आतूनच नाही म्हणायची.

एका रविवारी आकडे लागले. बाबांनी अक्षरशः हात जोडले. मी गाडी जॅकवर चढवून चाकं फिरवली आणि यादीवर टिक केल्या. पेट्रोल दिसतं. तापमान दिसतं. वेग दिसतो.

आईंनी नव्या इंजिनाची नव्या गाडीसारखी पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि आम्ही घोडबंदर रोडवरच्या चेण्याला निघालो. पुढे ते दोघं, मागे आम्ही दोघं.

काशिमिऱ्याच्या आधीच आई म्हणाल्या, "साठ!"

बाबांनी पाय उचलला. "आत्ताच तर तिसरा टाकला."

घोडबंदर रोडला लागलो. "सत्तर! अहो, ऐंशी! ऐंशी!"

"काय इंजिन आहे," बाबा खुशीत म्हणाले. "वेग कळतसुद्धा नाही."

मागे कपाटं वाहणारा टेम्पो हॉर्न देत होता. शेजारून एक रिक्षा आरामात पुढे गेली. आतल्या बाई केळं सोलत होत्या.

"आई, रिक्षा पुढे गेली," नवरा म्हणाला.

"तिला मरायचं असेल! मला उतरवा!" आईंनी डोळे मिटले होते, फक्त आकडा वाचायला उघडत होत्या.

चेण्याच्या फाट्यावर त्या उतरल्याच. नवऱ्याने बाबांपुढे हात पसरला. "चावी. ठरलं होतं."

"थांबा," मी म्हटलं. त्या केळ्याने माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. "आपण ऐंशीला नव्हतो. चाळीसला होतो." वेग दिसतो याची मी टिक केली होती, बरोबर दिसतो याची नाही. नवा गिअरबॉक्स चाकाच्या एका फेऱ्याला जुन्याच्या दुप्पट टिचक्या, म्हणजे विजेचे ठोके, पाठवत होता आणि जुनी काच त्या इमानदारीने मोजत होती.

आई परत गाडीत बसेनात. म्हणून मी त्यांना रिक्षाने घेऊन निघाले आणि नवरा मोबाइलवर वेग बघत बाबांच्या शेजारी बसला. आमची रिक्षा सुसाट सुटली. तिच्या स्पीडोमीटरचा काटा तुटलेला होता. आई निवांतपणे पेरूंचा भाव सांगत होत्या.

घरी पोचल्यावर नवऱ्याने कबूल केलं. "मोबाइल तीस, काच साठ. पण आई घाबरली ना? अट ती अट."

"ती गाडीला नाही घाबरली," बाबा म्हणाले. "तुझ्या बायकोच्या आकड्याला घाबरली."

हे मला लागलं, पण खरं होतं. मी आणखी एक फेरी मागितली. नवरा म्हणाला, "एकच."

मी काडेपेटीएवढं सर्किट केलं, दोन टिचक्या आल्या की एकच पुढे सोडणारं. या वेळी मोबाइलशी ताडून मगच टिक केली. पुढच्या रविवारी तीच माणसं, तोच रस्ता. आई स्तोत्र पुटपुटत बसल्या.

"वीस... तीस..." घोडबंदर रोड आला. "चाळीस." स्तोत्र थांबलं. त्यांनी पर्समधून शेंगदाणे काढले. "पन्नास. अहो, पन्नासच?"

"मग?" बाबा म्हणाले.

"त्या दिवशी ऐंशीला नेलीत ना? आज काय झालं? ती बघा रिक्षा पुढे चालली. तिला काय पंख आहेत?"

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पाय दाबला.

"पंचावन्न. साठ," आई शेंगदाणे खात म्हणाल्या. "पासष्ट."

टेम्पो मागे पडला. रिक्षा मागे पडली. नवऱ्याने वरचं हँडल पकडलं. "बाबा, जरा हळू!"

आई मागे वळल्या. "तू घाबरू नकोस. मी बघतेय ना आकडा?"

अट आईंच्या घाबरण्याची होती. नवऱ्याच्या घाबरण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं.