गोळे पंप रूममध्ये जाणार नाहीत

सिमेंटची रिकामी पोती घेऊन दोन माणसं माझ्या स्टोअरच्या दारात उभी होती. मी विचारलं, "हे काय?"

"देसाई सरांनी पाठवलंय मॅडम. गोळे भरायचे आणि पंप रूममध्ये टाकायचे."

टाकायचे! ठेवायचे नाही, टाकायचे. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, पोती इथेच ठेवा आणि चहा पिऊन या, मी बघते देसाई सरांकडे.

मी मुलुंडच्या एका क्लबात स्पोर्ट्स स्टोअर सांभाळते. बी.पी.एड. झाले आणि इथे चिकटले, ती अजून इथेच. बॅडमिंटनची नेट, टेबल टेनिसची टेबलं, सगळं माझ्या ताब्यात. पण जीव आहे तो लॉन बोलिंगच्या सामानात. हा खेळ फार लोकांना माहीत नाही, म्हणून सांगते. सपाट कापलेल्या हिरवळीवर एक छोटा पांढरा चेंडू टाकतात, त्याला जॅक म्हणतात. मग आपले गोळे घरंगळवत त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. गंमत अशी की गोळा पुरता गोल नसतो. एका अंगाने तो मुद्दाम वेगळा घडवलेला असतो, म्हणून सरळ सोडला तरी शेवटी वळतो. एका खेळाडूचे चार गोळे, चारही एकसारखे वळणारे. त्यातल्या एकाची कपची उडाली की तो आपल्या मर्जीने चालायला लागतो आणि सेटची वाट लागते.

पावसाळ्यात आमची हिरवळ बंद असते. तेव्हा माझं खरं काम सुरू होतं. गोळे साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचे, मऊ फडक्याने कोरडे करायचे आणि रॅकवर एकमेकांना न खेटता ठेवायचे. ओल्या पिशवीत कोंबायचे नाहीत, बुरशी धरते. खेळाडू ज्यावर उभं राहून गोळा सोडतात त्या रबरी मॅट्स आडव्या पसरायच्या. दुमडल्या तर मोडतात. यात शहाणपण असं काही नाही. वर्षानुवर्षं न कंटाळता करावं लागतं, एवढंच.

देसाई आमचे जनरल मॅनेजर. माझ्याहून वयाने लहान, बोलायला गोड. मी गेले तर म्हणाले, "बसा ना मॅडम. तुमची स्टोअर रूम आपण पिकलबॉलचं प्रो शॉप करतोय, बॅटी-बॉल विकायला. किती डिमांड आहे बघताय ना?"

"करा ना सर. पण पंप रूममध्ये पाणी झिरपतं. आणि पोत्यात गोळे एकमेकांवर आपटून फुटतील."

"अहो, टेम्पररी आहे. दसऱ्यानंतर कमिटी इक्विपमेंटची कंडिशन बघणार, मग बोलिंगचं काय करायचं ते ठरेल."

आता माझ्या लक्षात आलं. डोळा नुसत्या खोलीवर नव्हता. गोळे खराब निघाले की म्हणायचं, सामानच नाही, खेळ कसला चालवता? मग हिरवळ उखडायची आणि तिथे पिकलबॉलची कोर्टं पाडायची. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

"सर, माझ्या हाताने मी गोळे पोत्यात भरणार नाही."

"मग दुसरं कोणीतरी भरेल." अजून गोडच. "सोमवारी रूम रिकामी हवी."

आमच्याकडे बोलिंग खेळतात त्या बहुतेक बायका. कोणी रिटायर झालेली, कोणी सून-नातवंडांच्या रगाड्यातून तास-दीड तास पळून आलेली. हिरवळीभोवती चालायला यायच्या आणि बघता बघता खेळायला लागल्या. मालतीकाकू त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या, मूळच्या मालवणच्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना बाकी सगळ्या खेळांना डॉक्टरची बंदी. एकदा मला म्हणाल्या होत्या, "शुभांगी, घरात माका सगळी 'आई बस, आई बस' करतत. हयसर कोण तरी म्हणता, काकू, तुमची पाळी." ही हिरवळ गेली तर काकूंनी खेळायला जायचं कुठे? आमच्या बाजूला दुसरी हिरवळ नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही नाही. मस्त झोपले. सकाळी उठून ग्रुपवर मेसेज टाकला: रविवारी या, आपापला सेट घरी न्या, मेंबरला सामान इश्यू करायचा अधिकार मला आहे.

रविवारी सगळ्या आल्या. दिवसाढवळ्या, मेन गेटमधून, प्रत्येकीच्या हातात तिची पिशवी. वॉचमनने विचारलं, "मॅडम, काय पार्टी आहे का?" म्हटलं, हो, गोळे माहेरी चाललेत. मॅट्स मात्र राहिल्या. लोकांच्या दोन खोल्यांच्या घरात त्या आडव्या पसरणार कुठे?

सोमवारी देसाई सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गोडवा पार उतरला. "मॅडम, ही क्लबची प्रॉपर्टी आहे! कोणाला विचारून बाहेर काढली?"

"क्लबच्या मेंबरांनाच इश्यू केलीय सर. हवी तेव्हा परत मागा, दुसऱ्या दिवशी हजर करते. पण ठेवायला कोरडी जागा दाखवा आधी."

जागा त्यांना दाखवायची नव्हती. त्यांनी मला मेमो दिला. मी घेतला, सही केली आणि पर्समध्ये टाकला. घरी नवरा म्हणाला, "अगं, नोकरी जाईल." म्हटलं, गेली तर गेली. काकूंच्या भाषेत, काय ता बघूया.

मग अख्खा पावसाळा माझं स्टोअर घाटकोपर ते ऐरोली पसरलेलं होतं. ग्रुपवर फोटो यायचे. फरीदाने गोळे दिवाणाच्या कप्प्यात चादरींमध्ये ठेवलेले. सुनीताने साड्यांच्या कपाटात, पैठणीच्या शेजारी. मी एकेकीला फोन करून छळायचे: पुसले का, एकमेकांना लागत नाहीत ना, खिडकीजवळ ऊन येतं का. सुनीता वैतागून म्हणाली, "बाई, सासूबाईंची एवढी चौकशी कधी केली नाहीस!"

दसरा झाला. कमिटी बघायला आली. अध्यक्ष म्हणजे वयस्कर, मोजकं बोलणारे गृहस्थ. शेजारी देसाई, हातात फाइल. बायका गोळे घेऊन हजर. पहिली पाळी मालतीकाकूंची.

काकूंनी गोळा हातात घेतला, वाकल्या आणि सोडायच्या आधीच तो सटकला. धप्पकन पायाशी पडला आणि भलतीकडेच गेला. दुसराही तसाच.

"बघितलंत सर?" देसाई अध्यक्षांना म्हणाले. "घरी कसं ठेवलं असेल कोण जाणे. डॅमेज झालेत."

मी धावत जाऊन तिसरा उचलला, तर हात तेलकट! वर कुंकवाचं बोट. "काकू, हे काय केलंत?"

"खंडेनवमीक पूजा केलंय. माझा हत्यार ता!" काकू रडवेल्या झाल्या. "आणि रोज खोबरेल लावलंय. देवासारखे जपलंय गो."

खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो. सुतार पटाशी पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. काकूंनी गोळे पुजले. काय चुकलं त्यांचं? आणि मी बाकी सगळं छळून छळून सांगितलं, तेल लावू नका एवढं सांगायचं सुचलंच नाही. कोणाला सुचेल?

देसाई घड्याळ बघत म्हणाले, "सर, पुढची मीटिंग आहे. हे झालंच आहे आता."

"झालेलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "बादली आणि भांड्यांचा साबण येतोय. गोळे धुवून होईपर्यंत इथून कोणी उठायचं नाही. सर, तुम्हीसुद्धा नाही."

 अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. "धुवा," म्हणाले.

हिरवळीच्या कडेला बसून आम्ही दोघींनी चारही गोळे घासले. काकूंच्या पदराने पुसले, कारण फडकं आणायचं विसरलेच होते. काकू लगेच गोळा सोडायला निघाल्या. मी कानात सांगितलं, "काकू, घाई नाही. तुमची पाळी आहे."

गोळा सुटला. सरळ निघाला, मग हळूहळू आत वळला आणि जॅकपासून वितीवर थांबला. फरीदा एवढी ओरडली की स्विमिंग पूलवरची माणसं बघायला आली. दुसरा गोळा बराच लांब गेला, पण वळला पहिल्यासारखाच, आणि मला तेवढंच हवं होतं. मग बाकीच्यांचे सेट झाले. अध्यक्षांनी एकेक गोळा उचलून फिरवून पाहिला. कुठे चरा नाही, कपची नाही.

"मग खराब काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मॅट्स," देसाई म्हणाले. त्या खरंच गेल्या होत्या. लाटा आलेल्या, काळ्या बुरशीने भरलेल्या.

"ह्या कुठे होत्या?"

देसाई फाइल चाळायला लागले. मीच सांगितलं, "पंप रूममध्ये, सर."

हिरवळ राहिली. नव्या मॅट्स आल्या. माझी खोली मात्र परत मिळाली नाही. तिथे आता काचेचं दार आहे आणि आत रंगीत पिकलबॉलच्या बॅटी लटकतात. मेमोही माझ्या फाइलमधून निघाला नाही. मी काढा म्हटलंही नाही.

पुढच्या मे महिन्यात देसाई सर स्वतः आले. पुन्हा गोड. "मॅडम, पहिल्या मजल्यावर कोरडी रूम देतो. यंदा सगळे गोळे क्लबातच ठेवू या. बाहेर गेले की कमिटी विचारते."

"मॅट्स ठेवते सर, थँक यू," मी म्हटलं. "गोळे बायकांच्या घरी जातील. कमिटीने विचारलं तर माझं नाव सांगा."

एक गोष्ट मात्र मला या नोकरीने शिकवली. एखादी वस्तू मोडीत काढायचं वर ठरलेलं असेल, तर तिची नीट निगा राखणं हाही उद्धटपणाच ठरतो. ठरू दे.