पायऱ्यांनी ओळखलेला आजार

डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला होता. मी डाव्या कुशीवर झोपले होते. छातीवर गार जेली लावलेली, आणि डॉक्टर हातातलं छोटं यंत्र माझ्या बरगड्यांमध्ये दाबून पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढत होतात?"

"हो. चार-पाच महिने झाले."

"कोणी सांगितलं होतं?"

"कॉलनीतल्या डॉक्टरांनी. व्यायाम नाही म्हणून दम लागतो म्हणाले."

त्यांनी पडदा माझ्या बाजूला वळवला. "हे तुमचं हृदय. ही मधली झडप दिसते ना, ती प्रत्येक ठोक्याला दारासारखी सताड उघडायला हवी. तुमची फटीएवढीच उघडते. याला मायट्रल स्टेनॉसिस म्हणतात. झडप आकसली आहे."

खरं सांगायचं तर भीती मला घरी गेल्यावर वाटली. त्या खोलीत वाटलं ते फक्त नवल. चौतीस वर्षं मी ज्याच्या जोरावर जगत होते, ते मी पहिल्यांदाच बघत होते. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक पडदी हलत होती. उघडायची, मिटायची. माशाने पाण्यात तोंड उघडावं तेवढंच. इतक्या अरुंद वाटेने सगळ्या अंगाचं रक्त जात होतं आणि मी त्याच्याकडून डोंगर चढून घेत होते.

ही २००४ सालची गोष्ट. मी सिडकोत राहते, घरी ब्लाउज शिवते. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात टर्नर आहेत. घरात सासूबाई आणि तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी.

दम मला आधीपासूनच लागायचा. पाण्याची कळशी उचलली की लागायचा, जिना चढला की लागायचा. "दिवसभर मशीनवर बसून असते, शरीराला हालचाल नाही," असं सासूबाई म्हणायच्या. मलाही ते पटायचं. दिवाळीनंतर शेजारच्या मंगलाताई म्हणाल्या, "मी साखरेसाठी पांडवलेणीला जाते, तू पण चल." कॉलनीतल्या डॉक्टरांनीही मान डोलावली. मग मी बूट घेतले आणि जायला लागले.

ज्यांनी पांडवलेणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच तो डोंगर आहे. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना दाट झाडी. पायऱ्या किती ते विचारू नका, मोजणाऱ्या प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, पण दोनशेच्या वर नक्की. सकाळी सहापासून निम्मं सिडको तिथे असतं. निवृत्त माणसं, भरतीची तयारी करणारी पोरं, साड्यांवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या आमच्यासारख्या बायका.

पहिल्या आठवड्यात मी निम्म्या वाटेवर बसले. मंगलाताईही तिथेच बसल्या. दोघी हसलो. महिन्याभराने मंगलाताई एका दमात वरपर्यंत जायला लागल्या. मी मात्र निम्म्याच्याही अलीकडे बसत होते.

मला वाटलं, माझ्यात चिकाटी नाही. मी रोज मनाशी ठरवायचे, आज चाळीस पायऱ्या न थांबता. चाळिसाव्या पायरीवर छातीत धडधड व्हायची, खोकला यायचा, कठड्याला धरून उभी राहायचे. संक्रांतीनंतर चाळिसावी पायरीही गाठणं जमेना. तिसाव्या पायरीलाच थांबायला लागले. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, परत "सवय नाही" हेच ऐकायला मिळालं असतं. झोपताना दोन उशा घ्यायला लागले होते, आडवं पडलं की कोंडल्यासारखं व्हायचं. त्याचाही पायऱ्यांशी संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही.

हे वाचणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं. व्यायामाने दमसास वाढतो. रोज तोच व्यायाम करूनही तुमचा दमसास कमी होत असेल तर तो आळस नव्हे. तो आजार आहे.

हे मला कोणा शिकलेल्या माणसाने सांगितलं नाही. पायथ्याशी पेठ तालुक्याकडची एक बाई टोपली घेऊन बसायची. आवळे, बोरं, उन्हाळा लागला की काकड्या. तिचं नाव जनाबाई. मार्चमधली सकाळ होती. मी पंचवीस पायऱ्यांवरून परत फिरले आणि तिच्याजवळच्या दगडावर बसले. तिने आवळ्यावर मीठ लावता लावता माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुझं व्हट निळं पडलं."

"थंडी आहे ना," मी म्हटलं.

"थंडी कुठं हाय आता." तिने आवळा खाली ठेवला. "मी रोज बघते. तू दिवाळीला त्या वळनापर्यंत जायची. आता हितनंच फिरते. माझी भैन अशीच दमायची. लय काम करायची, पन दमायची. बाळंतपनात गेली. तू चढू नको. मोठा डाक्तर गाठ."

मी तशीच उठले. घरी आले आणि संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं, उशांचं, खोकल्याचं, पायऱ्यांचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि आम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी नुसतं छातीला यंत्र लावून ऐकलं. मग विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजले होते? आधी घसा दुखला, मग ताप, मग गुडघे?"

मी चकित झाले. माझं माहेर सटाण्याकडचं. सहावीत असताना मला ताप आला होता. आज गुडघा सुजायचा, तो उतरला की घोटा, मग मनगट. आई निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची. वाढीच्या वयातलं दुखणं, असं सगळे म्हणाले. महिन्याभरात मी उड्या मारत शाळेत गेले आणि सगळे विसरले.

"हृदय विसरलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सांगितलं, त्या तापाला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात. झडपेवर मात्र व्रण राहतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू जाड होत जातो. निरोगी झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. माझी एकालाही कमी पडत होती.

बावीस वर्षांपूर्वीचा एक दुखरा घसा, आणि त्याचा हिशेब माझ्या छातीत कोणालाही न कळता चालू होता. आजही याचा विचार आला की हातातलं शिवण थांबतं.

घरी गेल्यावर मी रडले. मुलगी अभ्यासाला बसली होती, तिच्याकडे बघवेना. जनाबाईची बहीण डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या गरोदरपणातही मला शेवटचे दोन महिने झोपता येत नव्हतं. तेव्हा कोणी छातीला यंत्र लावून नीट ऐकलं नव्हतं. मी आणि माझी मुलगी दोघी वाचलो, कशा ते देवाला माहीत.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी उपाय सांगितला. बलून व्हॉल्व्होप्लास्टी. "छाती उघडायची नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. तिच्या टोकाला फुगा असतो. तो झडपेत नेऊन फुगवायचा. चिकटलेल्या कडा सुटतात, वाट मोकळी होते."

यजमानांनी विचारलं, "ही झोपलेली असेल ना?"

"नाही, जागी. फक्त मांडीपुरती भूल."

"धोका?"

"आहे. थोडा. झडप जास्त फाटली तर तातडीने ऑपरेशन करावं लागतं. पण काहीच केलं नाही तर त्याहून मोठा धोका आहे." गोड बोलून त्यांनी काही लपवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आधी आणखी एक तपासणी झाली, टी.ई.ई. म्हणजे सोनोग्राफीचंच यंत्र, पण घशातून आत सोडतात आणि पाठीमागून हृदय बघतात. हृदयात रक्ताची गुठळी नाही ना, याची खात्री करायची असते. ही तपासणी त्रासाची आहे, खोटं कशाला सांगू. ओकारी येत राहते. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि सिस्टरचा हात धरून ठेवा. मी धरला होता. गुठळी नव्हती.

मग दाखल होण्यासाठी बाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. समोर येवल्याचे एक विणकर आजोबा होते, पैठणीच्या मागावर आयुष्य गेलेले. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या होत्या. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "दुखतं का?" मी सांगितलं, "माहीत नाही, आजोबा. उद्या सांगते." दोघांनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॅथ लॅबमध्ये नेलं. हृदयात नळ्या घालून काम करायची ती खोली. विलक्षण गार. क्ष-किरणांपासून बचाव म्हणून डॉक्टरांनी जड शिशाचे अंगरखे घातलेले. मांडीला सुई टोचली तेवढंच दुखलं. नळी आत सरकताना काहीच कळलं नाही. आपल्या हृदयात बाहेरची वस्तू फिरते आहे आणि आपल्याला पत्ता नाही, याचंच मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

मान थोडी वळवली की पडदा दिसत होता. "बघायचं असेल तर बघा," डॉक्टर म्हणाले. "आता फुगा फुगेल. ठोके चुकतील, चक्कर येईल. घाबरू नका. मनात पाच मोजा."

मी बघितलं. करड्या पडद्यावर फुगा दोन्ही टोकांना फुगला आणि मधे आवळलेलाच राहिला, थेट डमरूसारखा. ती आवळलेली कंबर म्हणजे माझी झडप. एक म्हटलं, दोन म्हटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि त्या अंधारीतच मला दिसलं, डमरूची कंबर सुटली. फुगा सरळ झाला. लगेच तो मिटला आणि हृदय पुन्हा धावायला लागलं.

"एकदा अजून," डॉक्टर म्हणाले. पुन्हा तेच झालं. मग ते माझ्या चेहऱ्याजवळ वाकले. "आता श्वास घ्या बरं."

मी घेतला. तो आत गेला आणि जातच राहिला. छातीचा एवढा तळ मला आहे हे माहीतच नव्हतं. बावीस वर्षं मी वरवरच्या श्वासावर जगले होते आणि सगळेच असे जगतात असं समजत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सिस्टरने विचारलं, "दुखतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी ते गॉजने टिपलं.

त्या रात्री मी उशी न घेता सपाट झोपले. सकाळपर्यंत जाग आली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले तेव्हा सासूबाई पलंगाशी उभ्या होत्या. तपासणी संपली तरी त्यांचं लक्ष स्टेथोस्कोपकडेच होतं. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी ते सासूबाईंच्या कानाला लावलं आणि दुसरं टोक माझ्या छातीवर ठेवलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. चांगला मिनिटभर. मग कानातून काढून म्हणाल्या, "किती काम करतंय गं हे. आणि मी तुला आळशी म्हणत होते." माझ्याकडे न बघता त्या पाण्याचा तांब्या भरायला निघून गेल्या. त्या दिवसापासून घरात "सवय नाही" हा शब्द कोणी काढला नाही.

या आजाराची तीन पथ्यं आहेत. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे तो ताप परत येऊन झडपेला इजा करणार नाही. कमरेत घेतात, दोन दिवस दुखतं, पण चुकवायचं नाही. दात काढायचा झाला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि वर्षातून एकदा सोनोग्राफी. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं आहे, "ही झडप कायमची नवी झालेली नाही. पंधरा वर्षांनी, कदाचित आधीही, पुन्हा आकसेल. तेव्हा पुढचं बघू." मला ते मान्य आहे. आणि हो, घरातल्या मुलाचा घसा दुखून नंतर सांधे सुजले तर पाला बांधून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा.

तीन महिन्यांनी त्यांनी पायऱ्यांची परवानगी दिली. पावसाळा लागला होता. जनाबाई काकड्या घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने माझे ओठ बघितले, मग नखं बघितली. "जा आता," म्हणाली. मी वाकून नमस्कार करायला गेले तर तिने पाय मागे घेतले आणि माझ्या हातात काकडी दिली.

त्या दिवशी मी वर पोहोचले. सावकाश, दोनदा थांबून, पण पोहोचले. आणि मला एक गोष्ट उमगली. चार-पाच महिने मी या डोंगरावर येत होते आणि मला इथलं काहीही दिसलं नव्हतं. दम लागलेल्या माणसाला फक्त पुढची पायरी दिसते. ओल्या पानांचा वास, झाडीतून ओरडणारा मोर, दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने कोरून काढलेले खांब, लेण्यांतलं गार पाण्याचं टाकं, आणि खाली पसरलेलं आमचं अख्खं सिडको, हे सगळं तिथेच होतं. मी लेण्याच्या ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिले.

गेल्या रविवारी यजमान माझ्याबरोबर आले. कारखान्यातली उभ्याची नोकरी, तरी आताशा पोट सुटलंय त्यांचं. आम्ही बोलत बोलत चढत होतो. निम्म्या वाटेवर बोलणारी मी एकटीच उरले. मागे वळून बघितलं तर ते आठ-दहा पायऱ्या खाली, कमरेवर हात ठेवून उभे.

"थांब जरा," ते म्हणाले. "मला बसू दे."

मी खाली उतरले आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. खरं तर मला बसायची गरज नव्हती.