एक इंच कमी

टेलरबाईचा हात लागला की कसलंही कापड ऐकतं, असं गल्लीत म्हणत. पोटाने मात्र तिचं कधी ऐकलं नाही. अकरा वर्षांत चारदा राहिलं आणि चारदा गेलं. दुसऱ्यांच्या पोरांची झबली शिवता शिवता तिच्या मनाने घेतलं, की आपल्या बाळाला आपला हात लागला की उसवतंच. एकदा मनाने घेतलं की त्यावर औषध नाही.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ तुम्हा दोघांचंच होईल, पण वाढायला दुसरं पोट लागेल." आता पोट काय दुकानात मिळतं? नवरा मान खाली घालून बसला. तेव्हा त्याची धाकटी बहीण ठमी, दोन पोरांची आई, चहात बिस्किट बुडवत म्हणाली, "माझं आहे की रिकामं. वहिनी, तुमचं बाळ नऊ महिने ठेव माझ्याकडे. भाडं नको, फक्त मला आयतं खाऊ घाल." बिस्किट विरघळून चहात पडलं, तरी कुणी हसलं नाही. टेलरबाई तर रडायलाच लागली.

कागदपत्रं झाली, सुया झाल्या, गर्भ रुजला. सातव्या महिन्यात ठमी पोरांना नवऱ्यावर सोपवून भावाकडे राहायला आली. टेलरबाईने तिचे पाय चेपले, केस विंचरले, हवं नको ते बघितलं. पोटाला मात्र बोट लावलं नाही. "अगं, बघ कशी लाथ मारतंय, ठेव हात," असं ठमीने शंभरदा म्हणावं आणि हिने "थांब, दूध उतू जाईल," म्हणून पळावं. गॅसवर दूध नसायचंच.

हात लावायचा नाही आणि चैन तर पडत नाही. मग तिने आपल्या धंद्यातली वाट काढली. दर रविवारी गाऊन सैल करायच्या निमित्ताने ती ठमीच्या पोटाला टेप लावायची आणि आकडा कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहायची. साडेअडतीस. एकोणचाळीस. चाळीस. आकडा चढला की तिचा आठवडा बरा जायचा.

त्या रविवारी टेप एकोणचाळीसवर थांबली. तिने पुन्हा लावली. मग खणातली नवी कोरी टेप काढून लावली. एकोणचाळीसच.

"किती गं?" ठमीने विचारलं.

"वाढलंय," टेलरबाई म्हणाली. गिऱ्हाइकाला खोटं माप तिने जन्मात सांगितलं नव्हतं.

तपासणी गुरुवारी होती. तोवर तोंडातून काढायचं नाही, काढलं की खरं होईल, असं तिचं खुळं गणित. सोमवारी तिने एका कोटाची बाही उलटी जोडली आणि उसवून परत उलटीच जोडली. दाराच्या आत तिने नवा आकडा लिहिलाच नाही. मंगळवारी दुपारी मात्र तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून ठमीची टकळी बंद आहे. ठमी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलं. टेलरबाईने मशीन थांबवलं.

"ठमे, रविवारी मी खोटं बोलले. एक इंच कमी भरलं."

ठमीने तिच्याकडे बघितलं. ठमीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मीही लपवलं, वहिनी. परवापासून लाथा कमी झाल्यात. आज सकाळपासून एकच. म्हटलं, तुला सांगितलं तर तू धास्तीनेच मरशील."

शहाण्याच दोघी! दोन दिवस एकमेकींना जपत बसल्या आणि जपायचं ते राहिलं बाजूला. टॅक्सी करून दोघी तडक दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ठोके आहेत. पण आतलं पाणी फार कमी झालंय. आधीच का नाही आलात?" त्यांनी नर्सला हाक मारली. "आता थांबता येणार नाही. आत्ताच ऑपरेशन." ठमीने कागदावर सही केली आणि तिला आत नेलं.

टेलरबाई बाहेर बाकावर बसली. घरातून घाईत निघताना गळ्यातली टेप तशीच राहिली होती. ती तिने बोटांना गुंडाळली, सोडली, गुंडाळली. आत दोन जीव होते. ठमीला काही झालं तर तिच्या पोरांना काय तोंड दाखवायचं? आणि एक गोष्ट सारखी सलत होती. लाथा कमी झाल्यात हे टेपला कुठून कळणार? हात ठेवला असता तर रविवारीच कळलं असतं. नवरा कामाच्या कपड्यांतच धावत आला, तेव्हा तिने त्याला हेच सांगितलं.

आतून बारीक रडणं आलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन आली. "दोन किलोला जरा कमी, पण ठणठणीत आहे. घ्या."

टेलरबाईचे हात पाठीमागे गेले. "ह्यांच्याकडे द्या आधी. माझा हात नको."

तेवढ्यात ठमीची ट्रॉली बाहेर आली. कमरेखाली बधिर, पण तोंड शाबूत. "वहिनी, मला उठता येत नाही, नाहीतर एक ठेवून दिली असती. इतके महिने सांभाळलं ते काय दादाच्या हातात द्यायला? घे तिला."

टेलरबाईने टेप बाकावर टाकली आणि हात पुढे केले. नर्सने मुलगी तिच्या तळहातांवर ठेवली. ती ताठ उभी राहिली, श्वाससुद्धा न घेता.

"कशी आहे गं?" ठमीने मान उचलायचा प्रयत्न करत विचारलं.

"थांब," टेलरबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "लाथ मारतेय."